सर्चचे आकडे आणि प्रोग्रॅमिंग भाषांची चढउतार

एखादी प्रोग्रॅमिंग भाषा किती लोक वापरतात याची शिरगणती कुठेच होत नाही. भाषा विकत घ्यावी लागत नाही, त्यामुळे विक्रीचे आकडे नाहीत. परवाना काढावा लागत नाही, त्यामुळे नोंदवहीही नाही. पायथन, जावा किंवा पीएचपी फुकट उतरवून घेता येते, उतरवलेली एक प्रत हजार संगणकांवर चालू शकते आणि उतरवून घेणारा ती उघडून पाहीलच असेही नाही. तरी कोणती भाषा वर चालली आहे आणि कोणती मागे पडते आहे हे कळण्याची गरज अनेकांना असते. विद्यापीठांना अभ्यासक्रम ठरवायचा असतो, क्लासवाल्यांना पुढच्या बॅचची जाहिरात करायची असते, कंपन्यांना नव्या कामासाठी माणसे मिळतील का हे पाहायचे असते आणि पहिल्या नोकरीच्या शोधातल्या पदवीधराला आपले सहा महिने कशावर खर्च करावेत हे ठरवायचे असते. शिरगणती नसली की मागे उरलेल्या खुणांवरून अंदाज बांधावा लागतो. त्यांतली सर्वांत सहज हाती लागणारी खूण म्हणजे लोक सर्च इंजिनला काय विचारतात ही.

गूगल ट्रेंड्स ही सेवा २००६ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात जानेवारी २००४ पासूनची माहिती मिळते. ती विनामूल्य आहे आणि वापरण्यासाठी संख्याशास्त्र शिकलेले असण्याची अट नाही. पाचपर्यंत शब्द द्यायचे, सारे जग, एखादा देश किंवा राज्य निवडायचे, कालावधी ठरवायचा, की रंगीत रेषांचा आलेख समोर येतो. गेल्या आठवड्याचा आलेख मागितला तर तासागणिक, पाच वर्षांचा मागितला तर आठवड्यागणिक आणि २००४ पासूनचा मागितला तर महिन्यागणिक बिंदू मिळतात. उभ्या अक्षावर ० ते १०० असे आकडे असतात. घोटाळ्याला सुरुवात इथूनच होते, कारण हे आकडे शोधांची संख्या दाखवत नाहीत आणि ती टक्केवारीही नसते.

होते असे, की गूगल आपल्याकडच्या साऱ्या शोधांतून एक नमुना घेते. एकाच माणसाने थोड्या वेळात पुनःपुन्हा केलेला तोच शोध त्यातून वगळला जातो. मग त्या ठिकाणी, त्या आठवड्यात झालेल्या एकूण शोधांत त्या शब्दाचा वाटा किती हे काढले जाते. निवडलेल्या काळात आणि निवडलेल्या शब्दांमध्ये हा वाटा जिथे सर्वाधिक असेल त्या बिंदूला १०० म्हणायचे आणि बाकीचे सारे त्या प्रमाणात बसवायचे. ५० म्हणजे शिखराच्या निम्मा वाटा. ते शिखर दहा हजार शोधांचे होते की एक कोटीचे, हे आलेख सांगत नाही. फार थोडे शोध झालेल्या शब्दापुढे ० दिसतो, पण त्याचा अर्थ तो शब्द कुणीच विचारला नाही असा होत नाही. शिवाय सारा हिशेब नमुन्यावरचा असल्याने तीच विचारणा आज केली आणि चार दिवसांनी केली तर आकडे थोडे वेगळे येतात. जावासारख्या मोठ्या नावाला त्याने काही बिघडत नाही, छोट्या भाषेची रेषा मात्र त्यामुळे उगाचच दातेरी होते. म्हणून काटेकोर अभ्यासक तीच माहिती वेगवेगळ्या दिवशी उतरवून तिची सरासरी घेतात.

यातला ‘वाटा’ हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. समजा, एखाद्या वर्षी कुठेतरी एकूण १० लाख शोध झाले आणि त्यांतले १० हजार एका भाषेविषयी होते. वाटा झाला १ टक्का. काही वर्षांनी एकूण शोध ३० लाखांवर गेले आणि त्या भाषेविषयीचे १५ हजारांवर. विचारणारे दीडपट झाले, पण वाटा अर्ध्या टक्क्यावर आला. आलेखात हीच भाषा १०० वरून ५० वर घसरलेली दिसेल आणि तिचे दिवस भरले असे कुणीतरी लगेच लिहूनही टाकेल.

हे उदाहरण काल्पनिक असले तरी प्रत्यक्षात घडले ते काहीसे असेच. २००४ पासूनचा जगाचा आलेख काढला तर जावा, पीएचपी, पर्ल, लिनक्स अशा जवळपास प्रत्येक तांत्रिक नावाची रेषा पहिली कित्येक वर्षे डावीकडून उजवीकडे उतरत जाते. त्या काळात या तंत्रज्ञानांचा वापर आटला होता असे मुळीच नाही. बदलले होते ते इंटरनेटवरचे लोक. २००४ मध्ये गूगल वापरणाऱ्यांत संगणकवाले, विद्यार्थी आणि संशोधक यांचे प्रमाण मोठे होते. पुढे सिनेमा, क्रिकेट, रेल्वेची तिकिटे आणि पाककृती शोधणारे कोट्यवधी लोक आले आणि छेद फुगत गेला. भारतात तर सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि स्वस्त मोबाइल डेटा खेड्यापाड्यांत पोहोचला. त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या भारतीय आकड्यांची सरळ तुलना करणे धोक्याचे आहे. भरीस भर म्हणजे गूगलने मोजणीची पद्धतही अधूनमधून सुधारली आहे; १ जानेवारी २०१६ पाशी तशी टीप आलेखावरच दिलेली असते.

यावर उपाय साधा आहे. एका भाषेची रेषा काळाबरोबर कशी चालली हे पाहण्यापेक्षा एकाच क्षणी दोन भाषांचे परस्परांशी गुणोत्तर काय हे पाहावे. दोघींचा छेद तोच असल्याने तो भागाकारात उडून जातो. पायथन आणि जावा यांचे गुणोत्तर दहा वर्षांत कसे सरकले या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ विश्वासार्ह मिळते. पाचांहून अधिक भाषा असतील तर प्रत्येक गटात एक सामाईक भाषा ठेवायची आणि तिच्या आधारे सगळे गट एका मापावर आणायचे. ही सामाईक भाषा मध्यम आकाराची घ्यावी. पायथनच्या शेजारी एखादी नवखी भाषा ठेवली तर तिची रेषा आडव्या अक्षाला चिकटून बसते आणि तिच्यातले चढउतार दिसेनासे होतात.

दुसरी मोठी अडचण नावांची. भाषांची नावे ठेवणाऱ्यांनी पुढे कुणी त्यांची मोजदाद करील याचा विचार केलेला दिसत नाही. पायथन हा अजगर आहे, रूबी हे माणिक आहे, जावा हे इंडोनेशियातले बेट आहे (आणि देवनागरीत लिहिले तर घरोघरच्या जावाही त्यात येतात). रस्ट म्हणजे गंज, आणि त्याच नावाचा एक व्हिडिओ गेम २०१३ पासून लोकप्रिय आहे. स्विफ्ट ही भाषा ॲपलने जून २०१४ मध्ये जाहीर केली, पण तो शब्द आधीच टेलर स्विफ्टच्या चाहत्यांनी, बँकांच्या संदेशयंत्रणेने आणि भारतात मारुतीच्या मोटारीने व्यापलेला होता. गूगलच्या गो भाषेची अवस्था सर्वांत वाईट. जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो आला तेव्हा त्या दोन अक्षरांनी जी उसळी घेतली तिचा प्रोग्रॅमिंगशी काही संबंध नव्हता. जँगो हे पायथनमधले वेबसाइट बनवण्याचे साधन. त्याचे नाव मिरवणारा हॉलिवूडपट डिसेंबर २०१२ मध्ये झळकला.

जावाचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे आहे, कारण तिथे गोंधळ भाषेच्या बाहेरून येत नाही, आतूनच येतो. नोकिया-सोनी एरिक्सनच्या साध्या फोनांच्या काळात ‘जावा गेम्स’ हुडकणारी शाळकरी मुले भारतात काही कमी नव्हती. नंतर माइनक्राफ्ट या खेळाच्या संगणकावरच्या मूळ आवृत्तीलाच ‘जावा एडिशन’ म्हणू लागले. शब्द म्हणून ‘जावा’ मोजला की हे सारे शोध त्यात येतात, कारण ट्रेंड्समध्ये तो शब्द असलेला प्रत्येक शोध धरला जातो. जावास्क्रिप्ट हा शब्द कुणी दोन तुकड्यांत लिहिला तर तोही जावाच्याच पारड्यात पडतो. रिॲक्ट हे वेबपानांचे साधन मोजताना तर पाण्यात सोडियम टाकल्यावर काय होते असे इंग्रजीत विचारणारा रसायनशास्त्राचा विद्यार्थीही मोजला जाऊ शकतो. सी प्लस प्लसमधले अधिकचे चिन्ह ट्रेंड्सच्या भाषेत ‘हा किंवा तो’ या अर्थाचे असते, तेव्हा तिथे निराळाच गोंधळ.

गूगलने यावर दिलेला तोडगा म्हणजे ‘शब्द’ न निवडता ‘विषय’ निवडणे. ‘पायथन, प्रोग्रॅमिंग भाषा’ असा विषय निवडला की अजगर बाहेर राहतो आणि निरनिराळ्या लिप्यांत व स्पेलिंगांत केलेले शोध एकत्र येतात. हे सोयीचे आहे. पण कोणता शोध कोणत्या विषयात जातो हे गूगलच ठरवते आणि त्याचे नियम बाहेरच्याला तपासता येत नाहीत. दुसरा मार्ग उघड आणि ओबडधोबड आहे: नावापुढे एखादा ठरलेला शब्द जोडायचा. पिअर कार्बोनेल यांनी तयार केलेला पीवायपीएल हा निर्देशांक नेमके हेच करतो. भाषेचे नाव आणि ‘ट्युटोरियल’ असा शोध किती झाला हे तो ट्रेंड्सवरून घेतो. अजगराचे किंवा माणकाचे ट्युटोरियल फारसे कुणी शोधत नाही. मात्र या चाळणीतून शिकाऊ लोकच तेवढे खाली पडतात. वीस वर्षे जावात काम करणारा माणूस ‘जावा ट्युटोरियल’ कशाला शोधेल?

याच्याशी नेहमी गल्लत होते ती टायोबी निर्देशांकाची. नेदरलँड्समधल्या आइंडहोवेन शहरातली टायोबी ही कंपनी २००१ पासून तो काढते आहे. तोही सर्च इंजिनांवरच आधारलेला आहे, पण तो लोकांचे प्रश्न मोजत नाही. ‘अमुक प्रोग्रॅमिंग’ या शब्दांना किती पाने सापडतात हे मोजतो. एका मापात विचारणारे मोजले जातात, दुसऱ्यात लिहून ठेवलेले. पाने वर्षानुवर्षे पडून राहतात, त्यामुळे टायोबी जुन्याला सहजासहजी सोडत नाही. शिवाय पानांचा आकडा म्हणजे सर्च इंजिनाने वरवर सांगितलेला अंदाज. एप्रिल २००४ मध्ये गूगलने रद्दी संकेतस्थळे झाडून काढली तेव्हा या यादीत जावा आणि सी प्लस प्लस धाडकन खाली आल्या. प्रोग्रॅमरांनी त्या महिन्यात काहीच वेगळे केले नव्हते.

मापे वेगळी असली की इतिहासही वेगळा दिसतो. पायथन पहिल्या क्रमांकावर कधी आली? ‘आयट्रिपलई स्पेक्ट्रम’ या नियतकालिकाच्या अनेक स्रोत मिसळून केलेल्या यादीत २०१७ मध्ये, पीवायपीएलच्या मते २०१८ मध्ये, टायोबीच्या मते ऑक्टोबर २०२१ मध्ये (तोवर तिथले पहिले स्थान जावा आणि सी यांच्यातच फिरत होते), आणि गिटहब या कोड साठवण्याच्या जागेच्या वार्षिक अहवालात जावास्क्रिप्टला मागे टाकून २०२४ मध्ये. यांतले कुणीच खोटे बोलत नाही. आधी लोक विचारतात, मग त्याविषयी लिहिले जाते, मग कोडचे ढीग साचतात. हा क्रम लक्षात घेतला तर प्रश्न मोजणारी यादी पुढे आणि कोड मोजणारी मागे असणे स्वाभाविक वाटते. शोधांच्या आकड्यांची खरी किंमत या आघाडीत आहे. ते आजच्या वापरापेक्षा उद्याच्या वापराविषयी अधिक सांगतात, अर्थात ती उत्सुकता टिकली तर.

उत्सुकता आणि वापर यांतली दरी वेबपाने बनवण्याच्या साधनांत फार स्पष्ट दिसते. जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये आणलेले जेक्वेरी हे जावास्क्रिप्टचे साधन एके काळी प्रत्येक वेब डेव्हलपरच्या तोंडी होते. नंतर गूगलचे अँग्युलरजेएस २०१० मध्ये, फेसबुकचे रिॲक्ट २०१३ मध्ये आणि इव्हान यू यांचे व्ह्यू २०१४ मध्ये आले. जेक्वेरीची रेषा गेल्या दशकात उतरत गेली आणि रिॲक्ट चढत गेले. एवढ्यावरून जेक्वेरी संपले असे वाटेल. पण संकेतस्थळे प्रत्यक्ष तपासणाऱ्या डब्ल्यूथ्रीटेक्सच्या पाहणीत जगातल्या सत्तर टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांवर जेक्वेरी अजूनही आढळत आले आहे. रोज त्याच एसटीने जाणारा माणूस कंडक्टरला गाडी कुठे जाते असे विचारत नाही; जेक्वेरीचे तसे झाले आहे. पीएचपीचेही तेच.

अँग्युलरने एक वेगळा सापळा लावून ठेवला आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये गूगलने ते मुळापासून नव्याने लिहिले आणि नावातले ‘जेएस’ काढून टाकले. त्यानंतर जुन्या नावाची रेषा कोसळते आणि नव्या नावाची वर जाते. फक्त जुने नाव घेऊन आलेख काढणाऱ्याला साधनाचा मृत्यू दिसतो आणि फक्त नवे घेणाऱ्याला जन्म. दोन्ही नावे जोडूनच हिशेब करावा लागतो.

रेषेच्या उंचीपेक्षा तिचा आकार पुष्कळदा जास्त बोलका असतो. १७ मे २०१७ रोजी गूगलने अँड्रॉइडसाठी कोटलिन ही अधिकृत भाषा म्हणून स्वीकारली. कोटलिन हे खरे तर सेंट पीटर्सबर्गजवळचे बेट, पण त्याची चौकशी करणारे जगात थोडेच, त्यामुळे या नावाचा आलेख बराच स्वच्छ येतो. त्या आठवड्यात रेषा उसळली, बातमीचा भर ओसरल्यावर थोडी खाली आली, पण पूर्वीच्या पातळीवर परतली नाही. ती नव्या पायरीवर स्थिरावली आणि तिथून चढली. खऱ्या स्वीकाराची ही खूण. याउलट डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे हे नाव एकाएकी गगनाला भिडले. जावाच्या असंख्य प्रणालींत नोंदी ठेवण्याचे काम करणारे हे साधन वर्षानुवर्षे गुमान चालत होते. त्यात सुरक्षेचे एक भयंकर भोक सापडले आणि जगभरच्या कंपन्यांत ते बुजवण्याची धांदल उडाली. शोध वाढले ते भीतीपोटी, आणि दुरुस्ती झाल्यावर रेषा खाली आली. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी बेकारभत्त्याची जुनी यंत्रणा सांभाळण्यासाठी कोबोल जाणणारे स्वयंसेवक हवेत असे सांगितले, तेव्हाही कोबोलविषयीचे कुतूहल असेच उफाळले होते. १९५९ सालच्या या भाषेचे पुनरुज्जीवन झाले असे त्यावरून म्हणता येत नाही.

आलेखातले नियमित हेलकावेही समजून घ्यावे लागतात. शनिवार-रविवारी तांत्रिक शोध घटतात, डिसेंबरअखेरीस आणखी घटतात. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या भाषांवर सत्र आणि सुट्ट्या यांचा ठसा उमटतो. भारतात हा शैक्षणिक घटक जड आहे. आयसीएसईच्या नववी-दहावीला जावा आहे, सीबीएसईने अकरावी-बारावीला सी प्लस प्लस काढून पायथन आणली, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची संख्या प्रचंड आहे. त्यामुळे महाराष्ट्र निवडून पायथनचा आलेख काढला तर त्यात हिंजवडीतल्या इंजिनिअरचा प्रश्न किती आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मुलाचा किती, हे वेगळे करता येत नाही. नोकरीच्या बाजाराचा अंदाज बांधणाऱ्याने हे विसरू नये.

भूगोलाचीही एक मोठी मोकळी जागा आहे. गूगलने २०१० मध्ये चीनच्या मुख्य भूमीतून आपले सर्च काढून घेतले. तिथे बायडू चालते आणि तिचा स्वतःचा निर्देशांक आहे. रशियात यांडेक्स, दक्षिण कोरियात नेव्हर. व्ह्यूचा चीनमध्ये मोठा वापर आहे, पण गूगलच्या ‘जागतिक’ आलेखात तो जवळजवळ उमटतच नाही. ‘जग’ हा पर्याय निवडताना त्या जगातून चीन वगळलेला आहे हे ध्यानात ठेवावे.

शोधांवरून वास्तवाचे भाकीत करण्याच्या हौसेला एकदा मोठा धक्का बसलेला आहे. गूगलने २००८ मध्ये फ्लू ट्रेंड्स सुरू केले. तापाविषयीच्या शोधांवरून फ्लूची साथ सरकारी आकड्यांच्या आधी ओळखायची, अशी ती योजना. २०१२-१३ च्या हंगामात तिचे अंदाज अमेरिकेच्या आरोग्ययंत्रणेच्या आकड्यांच्या जवळपास दुप्पट निघाले. फ्लूच्या बातम्या वाचून धास्तावलेले धडधाकट लोकही शोध घेतात हे एक संभाव्य कारण, आणि गूगल स्वतः शोध सुचवण्याची पद्धत बदलत असते हे दुसरे. २०१५ मध्ये ती सेवा बंद झाली. प्रोग्रॅमिंगच्या बाबतीत चुकीचा अंदाज इतका महाग पडत नसला, तरी चूक व्हायची कारणे तीच आहेत.

म्हणून एका मापावर विसंबण्याची पद्धत जाणकारांत नाही. रेडमंक ही विश्लेषण संस्था गिटहबवरचा कोड आणि स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या स्थळावरची चर्चा एकमेकांसमोर ठेवून क्रमवारी लावते. २०१७ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोचे डेव्हिड रॉबिन्सन यांनी कोणत्या भाषेचे प्रश्न किती उघडले जातात हे पाहून श्रीमंत देशांत पायथन सर्वांत झपाट्याने वाढणारी मोठी भाषा असल्याचे दाखवले, आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांचे चित्र वेगळे असल्याने त्यांनी ते मुद्दाम निराळे काढले. ट्रेंड्समधून दिसलेली चढण अशा दुसऱ्या ठिकाणीही दिसली तरच ती धरून चालावी. नोकरीच्या जाहिराती हे तिसरे माप, आणि पदवीधराच्या दृष्टीने बहुधा सर्वांत उपयोगाचे.

नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि या मोजमापाचा पायाच हलू लागला. पूर्वी चुकीचा संदेश आला की प्रोग्रॅमर तो गूगलमध्ये चिकटवीत असे. आता तो चॅटबॉटला विचारतो, किंवा कोड लिहितानाच शेजारच्या चौकटीत उत्तर मिळते. ते प्रश्न कोणत्याही सार्वजनिक आलेखात येत नाहीत. स्टॅक ओव्हरफ्लोवर विचारल्या जाणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्या त्यानंतर झपाट्याने कोसळली आहे. तेव्हा २०२३ च्या पुढे एखाद्या भाषेची रेषा उतरताना दिसली तर तिच्या शेजारच्या भाषांची रेषाही तशीच उतरते आहे का, हे आधी पाहावे लागते. तसे असेल तर आटलेला आहे तो गूगलला विचारण्याचा प्रघात. भाषेविषयी त्या आलेखातून अजून काही कळलेले नसते.